पिवळं उद्गारचिन्ह

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात छोटंसं वाचनालय आहे. श्रावणातल्या एका दुपारी पुस्तक बदलायला गेलो, तर काउंटरवरच्या काकी जाडजूड वहीत हाताने नोंदी करत होत्या. समोरचा कॉम्प्युटर चालू होता, पण त्यावर नुसतीच एक चौकट उघडी होती, मुख्य यंत्राशी जोडणी होत नाही अशी. मुख्य यंत्र म्हणजे आतल्या खोलीतलं. सगळ्या पुस्तकांची यादी, कोणी काय नेलं, कोणाची वर्गणी थकली, सगळं त्याच्यात. डोकावून पाहिलं तर ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी जमिनीवर ठेवलेलं. मी विचारल्यावर काकी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "तो रिपेरवालो इलो, बगल्यान नि सांगल्यान, काकी, ह्यो आता जुनो झालो, भंगारात घाला." त्याने कॅबिनेट उघडलं होतं का? नाही. काही टाइप करून पाहिलं होतं का? तेही नाही. खाली उजव्या कोपऱ्यात पिवळ्या त्रिकोणातलं उद्गारचिन्ह दिसलं, तेवढ्यावर निकाल लागला होता. मग काकींनी आवाज खाली आणून विचारलं, "सगळा गेला काय रे आता?"

घरी परतताना पाऊस धो धो लागला होता आणि माझ्या डोक्यात तो निकाल घोळत होता. राग त्या माणसाचा नव्हता. तालुकाभर फिरायचं, एका दिवसात चार गावं करायची, पेट्रोल आपलं घालायचं, आणि दुरुस्तीचे पैसे देताना लोक खळखळ करतात. नवं यंत्र विकलं तर निदान चार पैसे सुटतात. हे सगळं मला कळतं. खुपत होतं ते वेगळंच. वय हा काही बिघाड नव्हे. ताप आलेल्या माणसाला तपासायचं सोडून त्याचं वय विचारायचं आणि मान हलवायची, हे आपण माणसांच्या बाबतीत सहन करत नाही. यंत्राच्या बाबतीत करतो, आणि तेही अशा यंत्राच्या, ज्यात कॉलेजच्या मुलींनी आणि काकींनी कितीतरी संध्याकाळी बसून गावाचं आख्खं ग्रंथालय उतरवलंय.

आमच्याकडे कॉम्प्युटर आले तेच मुळात जुने होऊन. कोकणातल्या कितीतरी घरांत आणि शाळांत पहिलं यंत्र आलं ते चाकरमान्यांच्या सामानातून. मुंबईच्या ऑफिसात नवी यंत्रं आली की जुनी स्वस्तात निघायची. गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी येताना ती घेऊन यायची, पोरांना शिकायला किंवा शाळेला भेट म्हणून. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर तर हे सामान आणणं आणखी सोपं झालं. काचेचा जड मॉनिटर गोधडीत बांधलेला, कीबोर्ड टॉवेलात, कॅबिनेट सीटखाली. सगळं यायचं, फक्त मदरबोर्डबरोबरची सीडी मुंबईत राहायची. ती कुठल्यातरी ऑफिसच्या खणात पडलेली असायची नाहीतर कधीच फेकली गेलेली असायची. इथे एकदा का विंडोज नव्याने टाकायची वेळ आली, की स्क्रीन दिसायचा, माउस हलायचा, पण लॅन कार्ड, म्हणजे यंत्राला नेटवर्कशी जोडणारं कार्ड, मुकं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, त्या सीडीत राहिला; दुसरा इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेट त्याच कार्डातून येणार आहे. या चक्रात माझी पंचविशीतली बरीच वर्षं गेली, आणि ती वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही. पेन ड्राइव्हवरून आणावा म्हटलं तर विंडोज ९८ला पेन ड्राइव्ह ओळखायलाच आधी त्याचा वेगळा ड्रायव्हर लागायचा. मग शहरात जाऊन सीडी लिहून आणायची. लाल मातीच्या रस्त्यावरून, एसटीने, शर्टाच्या आत सीडी धरून.

कुठला ड्रायव्हर आणायचा हे मात्र घरातून निघण्याआधी कळायला हवं. इथेच बहुतेक जण अंदाजाने चालतात आणि फसतात. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी, उघडला की ज्या उपकरणाला अडचण आहे त्याच्यावर पिवळं उद्गारचिन्ह असतं. त्याच्यावर दोनदा क्लिक केलं की आत एक वाक्य असतं आणि कंसात एक कोड. २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. १२ म्हणजे त्याला लागणारी जागा दुसऱ्या कुणीतरी अडवलीय. तीन वेगळी दुखणी, तिन्हींचा इलाज वेगळा, आणि वरून तिन्हींचं चिन्ह एकच, पिवळं. तपशिलात आणखी आत गेलं तर हार्डवेअर आयडी मिळतो, म्हणजे कार्ड बनवणाऱ्याचा आणि चिपचा क्रमांक. ८०८६ दिसलं तर इंटेल. १९७८ साली आलेल्या आपल्याच प्रोसेसरचा आकडा त्यांनी स्वतःची खूण म्हणून घेतलाय. १०ईसी दिसलं तर रिअलटेक. त्यापुढे ८१३९ असेल तर माझा जीव भांड्यात पडतो, कारण ती चिप मी डोळे मिटून ओळखतो.

खरंतर ती ओळखायला आकडाही लागत नाही. कार्ड हातात घेऊन चिप उजेडाकडे तिरकी धरली की काळ्या पाठीवर बारीक खेकडा दिसतो. तैवानच्या रिअलटेक कंपनीचं बोधचिन्हच खेकडा आहे. आमच्याकडच्या पोरांना हे पहिल्यांदा दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात. कुर्ली! खाडीच्या चिखलात हात घालून जी काढायची ती इथे काळ्या चौकोनावर नांग्या पसरून बसलेली. तेव्हा अडीचशे-तीनशे रुपयांत मिळणारं हे कार्ड आमच्या किनाऱ्यावरच्या सायबर कॅफेंत, टायपिंग इन्स्टिट्यूटांत, पतपेढ्यांत गावोगाव पोचलं होतं.

मी हे शिकलो ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका भाड्याच्या खोलीत चालणाऱ्या क्लासमध्ये. तेव्हाची कार्डं आणखी जुनी, आयएसए नावाच्या स्लॉटमधली. स्लॉट म्हणजे कार्ड बसवायची खाच. यंत्रात प्रोसेसरला हाक मारायच्या ओळी एकंदर सोळा, शून्य ते पंधरा, आणि बहुतेकांवर आधीच कुणीतरी बसलेलं. क्रमांक एक कीबोर्डची, सहा फ्लॉपीची, चौदा हार्ड डिस्कची, तीन आणि चार सिरीयल पोर्टांच्या, सात प्रिंटरची. पाचवर साउंड कार्ड हक्क सांगायचं आणि नेमकं लॅन कार्डही तीच मागायचं. दोघांना एकच ओळ मिळाली की गाणं लागलं तर नेटवर्क जायचं, नेटवर्क आलं तर गाणं बंद. सर कार्ड बाहेर काढून चिमट्याने इवलंसं जंपरचं टोपण एका पिनेवरून उचलून दुसऱ्या पिनेवर बसवायचे. पण त्याआधी वही उघडायचे. सरांच्या वहीत प्रत्येक यंत्राचं एक पान होतं: कोणतं कार्ड, कोणत्या स्लॉटमध्ये, कोणती ओळ, कोणता पत्ता, कधी बदललं आणि का. शेवटचं ते "का" त्यांना फार महत्त्वाचं वाटायचं. आम्ही पोरं घाई करायचो. सर म्हणायचे, हात लावायच्या आधी लिही, हात लावल्यावर पुन्हा लिही. त्यांचं अक्षर फार देखणं होतं. खारट हवेने त्या वहीची पानं कायम दमट असायची आणि उलटताना एकमेकांना चिकटायची.

ही खारट हवा आमच्या धंद्यातली मोठी भागीदार. देशावरचा माणूस विचारेल की लॅन कार्ड नुसतं बसल्याबसल्या कसं बिघडतं. बिघडतं. कार्डाचे सोनेरी दात जिथे स्लॉटमध्ये बसतात तिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत एक पुसट थर चढतो. कमी भावाच्या कार्डावर सोन्याचा मुलामा पातळ, खालचं तांबं डोकावलं की हिरवट डाग धरतात. यंत्र कधी कार्ड ओळखतं, कधी नाही. उन्हाळ्यात चालतं, आषाढात रुसतं. शाळेतलं साधं खोडरबर घेऊन ते दात एकाच दिशेने हलक्या हाताने घासले, कापडाने भुगा पुसला आणि कार्ड घट्ट बसवलं, की दहांतली निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. नवा ड्रायव्हर नाही, नवं कार्ड नाही.

वीज मात्र अशी मायाळू नाही. मे संपता संपता वळवाचा पाऊस येतो तेव्हा ढग चढतात आणि कडकडाट सुरू होतो. त्या काळी नेमके तेच दिवस बारावीच्या निकालाचे असायचे. सायबर कॅफेबाहेर चपलांचा ढीग, आत घामाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, पालक परीक्षा क्रमांकाची चिठ्ठी मुठीत धरून उभे. केबलवाल्याची तार माडामाडांवरून घराघरांत गेलेली, त्यामुळे लांब कुठेतरी वीज पडली तरी तिचा झटका तारेतून थेट कार्डापर्यंत. काही कार्डं पूर्ण मरतात. पोर्टावरचा दिवाच लागत नाही, ते बरं. काही अर्धी मरतात. दिवा हिरवा असतो, डिव्हाइस मॅनेजर म्हणतो सगळं ठीक आहे, ड्रायव्हर तीनदा टाकला तरी तेच. मग जोडणीच्या खिडकीत पाठवलेले आणि आलेले आकडे बघायचे. पाठवलेले वाढत असतात, आलेले शून्य. बोलता येतं, ऐकू येत नाही. त्या शून्याकडे बघून ड्रायव्हरचा नाद सोडायचा, कार्ड बदलायचं. आणि कार्ड बदललं की केबलवाल्याला फोन करायचा, कारण त्याच्याकडे जुन्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, नोंदलेला असतो, नव्या कार्डाला तो दारातच अडवतो. निकालाच्या दिवशी तो फोन उचलेपर्यंत चिठ्ठी धरलेल्या त्या मुठींकडे बघवत नसे.

कार्ड मेलंय की ड्रायव्हर रुसलाय, हे ठरवायला पुढे मला एक फार चांगलं साधन मिळालं: सीडीवरून चालणारं लिनक्स, विंडोजसारखीच दुसरी एक प्रणाली. हार्ड डिस्कला हात न लावता यंत्र त्यावरून सुरू करायचं. ८१३९चा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटातच असतो. तिथे नेट चाललं तर कार्ड जिवंत आहे, दोष विंडोजच्या मांडणीत. हे काम पाच मिनिटांचं, पण त्यामागे कोणाची किती वर्षं आहेत हे मला उशिरा कळलं. डोनाल्ड बेकर नावाच्या माणसाने अमेरिकेत नासामध्ये काम करताना नव्वदच्या दशकात लिनक्ससाठी इथरनेट कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले. ८१३९चा मूळ ड्रायव्हरही त्यांचा. स्वस्त बाजारू यंत्रं जोडून त्यांचा एकच मोठा संगणक करायचा, हे बेवुल्फचं कामही १९९४ साली तिथलंच, त्यात ते होते. ही चिप म्हणजे लिहिणाऱ्याला डोकेदुखी होती. महागडी कार्डं आलेला डेटा स्वतःच जागेवर ठेवतात. ही सगळं एकाच गोल रांगेत ओतते आणि तिथून उचलून नीट लावायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात टाकते. तरी तिचा ड्रायव्हर लिहिला गेला, दुसऱ्यांनी तो पुढे सुधारला, आणि माडाखालच्या एका खोलीत दहावीतली पोर पहिल्यांदा नकाशावर आपलं गाव शोधू शकली. लिहिणाऱ्याला वेंगुर्लं माहीत असायचं कारण नाही.

त्यामुळे भंगार हा शब्द ऐकला की मला गप्प बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो आणि सुतळी सोडली. कॅबिनेटच्या आत, पंख्याच्या बाजूला कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, तळाशी पालीच्या अंड्यांची टरफलं. मदरबोर्डवरचं मूळ लॅन पोर्ट कधीच्यातरी विजेत गेलेलं, म्हणून पीसीआय नावाच्या स्लॉटमध्ये वेगळं कार्ड होतं. खेकडेवालं. मला बरं वाटलं. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये होतं, पण वरच्या स्लॉटवरची पत्र्याची पट्टी गायब होती, म्हणजे आधी ते वर असणार. काकींना विचारलं. मे महिन्यात कौलं परतायला गडी आले तेव्हा धुळीमुळे यंत्र खाली उतरवलं होतं, कुणीतरी ते उघडून ब्लोअर मारला आणि कार्ड परत बसवलं. बिघाड कधीपासून? "तेवापासूनच."

यंत्र चालू केलं. विंडोज एक्सपी सावकाश आली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं काहीच नाही, कार्डाचं नाव स्वच्छ लिहिलेलं, फक्त नावापुढे एक खूण आणि दोनचा आकडा. त्या दोनमध्ये सगळी गोष्ट होती. एक कुठे आहे? एक्सपी अशा कार्डाची ओळख ते कोणत्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून धरते. जागा बदलली की तिच्या लेखी हे नवं कार्ड. जुन्याची नोंद मात्र ती पुसत नाही, फक्त दिसेनाशी करते. आणि वाचनालयाच्या आतल्या यंत्राचा नेटवर्कवरचा ठरलेला पत्ता, १९२.१६८.१.१०, त्या न दिसणाऱ्या पहिल्या कार्डाच्या नावावर राहिलेला. मुंबईला कायमचा गेलेल्या माणसाचं नाव गावच्या रेशनकार्डावर राहावं तसा. नव्या कार्डाला पत्ता देणारं त्या खोलीत कुणी नाही, राउटर नाही, नुसता यंत्रांच्या तारा एकत्र जोडणारा एक स्विच. म्हणून विंडोजने आपणच १६९.२५४ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता घेतला आणि जोडणी मर्यादित आहे म्हणून कोपऱ्यात पिवळा त्रिकोण लावला. काउंटरवरचं यंत्र मात्र इमानाने १०लाच हाका मारत बसलेलं.

मी मुद्दाम नव्या कार्डाला १० दिला, तशी एक खिडकी उघडली. तिच्यात इंग्रजीत लांबलचक मजकूर होता: हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला आधीच दिलेला आहे, ते अडॅप्टर दिसत नाही कारण ते यंत्रात बसवलेलं नाही. काकींना वाचून अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेनाच सांगल्यान!" खरंच, त्यानेच सांगितलं होतं. कारणासकट सांगितलं होतं. ती खिडकी बंद करायला एक क्लिक पुरते आणि वाचायला अर्धं मिनिट लागतं, एवढाच काय तो प्रश्न.

पुढचं काम लहान. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, हजर नसलेली उपकरणंही दाखव अशा अर्थाची. त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, दुसरीकडून उघडला तर ती ओळ लागू होत नाही. मग लपलेली उपकरणं दाखवायला सांगायचं. पहिलं कार्ड फिकट रंगात समोर आलं. ते काढून टाकलं. दुसऱ्याला १० दिला, यंत्र पुन्हा चालू केलं. खोडरबराने दात घासले होतेच. बाहेर काउंटरवरच्या स्क्रीनवर पुस्तकांची यादी भराभर खाली उतरू लागली. काकी उठून उभ्या राहिल्या. "काय्येक जावक नाय," मी म्हटलं. त्यांनी आधी कोणाची वर्गणी थकलीय ते बघितलं.

याचा अर्थ ते यंत्र असंच आणखी दहा वर्षं चालवा, असं मी म्हणणार नाही. एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ला कायमची थांबली. तिला इंटरनेट जोडणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. या खोलीत इंटरनेट नाही म्हणूनच ती इथे निर्धास्त आहे. हार्ड डिस्क कधीतरी जाणार, मदरबोर्डवरचे कपॅसिटर आत्ताच थोडे फुगलेत. समितीने गणपतीनंतर नवं यंत्र घ्यायचं ठरवलंय आणि त्यांचं बरोबर आहे. माझा आग्रह एवढाच होता की आधी यादी बाहेर काढा, साध्या मजकुराच्या रूपात, दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि एक गावाबाहेर ठेवा. ते मान्य झालं. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवलाय: कार्ड कोणतं, स्लॉट कोणता, पत्ता कोणता, काय बदललं आणि का. सरांच्या वहीतल्यासारखं.

समितीत एकाने विचारलं, मग हा जुना पुढे काय करायचा. मी तो मागून घेतला. यादी बाहेर निघाली की तो शाळेत नेणार आहे. आठवी-नववीतली काही पोरं उत्सुक आहेत, त्यांना स्क्रू खोलायची भारी घाई असते. मी आधीच कार्ड पुन्हा वरच्या स्लॉटमध्ये घालून ठेवणार, म्हणजे तोच पत्त्याचा घोळ नव्याने होईल, आणि त्यांना सांगणार की हात लावायच्या आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते सगळं वहीत उतरवा.